बिनआवाजाचं इंजिन

डॉक्टर हा काही खराखुरा डॉक्टर नव्हे. चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला मेकॅनिक. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटून आजार सांगायचा, ही त्याची पद्धत. इतर लोक इंजिन उघडून बघत. हा नुसता ऐकून सांगे, आणि उघडल्यावर अगदी तेच निघे. म्हणून हे नाव पडलं. गावातले दुसरे मेकॅनिकसुद्धा अडलेली गाडी त्याच्या दारात आणून उभी करत, आणि हा कौतुकाने फुगलेला चेहरा कसाबसा गंभीर ठेवून डोळे मिटत असे.

चार वर्षांपासून मात्र त्याला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते. जाड, घुमणारे आवाज येत. बारीक, धातूचे आवाज मध्येच कुठेतरी गळून जात. दाराची घंटा गेली, किटलीची शिट्टी गेली, खिडकीवरच्या चिमण्या गेल्या. कान तपासून घ्या म्हणून बायकोने डोकं खाल्लं, तेव्हा तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस म्हणून त्याने तिलाच झापलं. तरी एकदा गुपचूप जाऊन आला. कानाचं यंत्र लावा, असं त्याला तिथे सांगितलं. यंत्र लावून गॅरेजात उभं राहायचं म्हणजे दुकानाची पाटी आपल्याच हाताने उतरवायची. तपासणीचा कागद त्याने वाटेतच फाडून टाकला आणि घरी येऊन मुकाट्याने जेवला.

अशात ताईची गाडी बसली.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं. भाऊजींच्या मागे तिच्याकडे दोनच गोष्टी उरल्या होत्या: गोल दिव्यांची, फिकट निळी, पन्नास वर्षांपूर्वीची गाडी, आणि मुलगा छोटू. छोटू चौतीस वर्षांचा आणि सहा फूट उंच. त्याला बोलता येत नसे. त्याला सांभाळणं एकट्या बाईच्या आवाक्यातलं राहिलं नाही, म्हणून गावाबाहेरच्या टेकडीवर एका संस्थेत तो राही. दर रविवारी दुपारी ताई त्याला गाडीतून तलावाच्या कडेने फिरवून आणी. त्याच गाडीतून. दुसरी कुठलीही गाडी समोर आणली, तर तो रस्त्यावर फतकल मारून बसे आणि चार माणसांनी ओढलं तरी उठत नसे. संस्थेतली माणसं सांगत, की आठवडाभर तो त्या एका तासाची वाट बघतो. तसं सांगायची गरज नव्हती. रविवारी सकाळपासून तो फाटकाशी उभा असे.

तर त्या गाडीचं इंजिन तापून ब्लॉकलाच, म्हणजे त्याच्या मुख्य धडालाच, तडा गेला. ताईने भावाला स्वच्छ सांगितलं, की पैसे आहेत ते एवढेच, आणि एकदाच. आत काय घालायचं ते घाल, बाहेरून गाडी तीच दिसली पाहिजे. आणि आवाज नको. छोटूला आवाज सोसत नाही.

डॉक्टरने आठवडाभर डोकं लढवलं. जुनंच इंजिन दुरुस्त करावं, तर सुटे भाग राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या शहरातून मागवायचे आणि तडा पुन्हा उघडणार नाही याची हमी कोणीच देत नव्हतं. शिवाय त्या खर्चात ताईचं वर्षभराचं घर चाललं असतं. म्हणजे दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणं आलं. ते बसवायचं तर पुढची आडवी पट्टी कापावी लागणार, इंजिन टेकवायचे नवे माउंट वेल्ड करावे लागणार, आणि एकदा कापलं की मागे फिरायला वाट नाही. त्यामुळे निवड एकदाच आणि बरोबर व्हायला हवी होती.

भंगारवाल्याकडे तीन इंजिनं होती. त्याने लाकडी ठोकळ्यांवर ठेवून तिन्ही एकामागून एक चालू करून दाखवली. पहिलं टॅक्सीचं डिझेल, दमदार, पण असं धडधडायचं की ठोकळे सरकायला लागले. दुसरं मालवाहू व्हॅनचं, स्वस्तात स्वस्त. त्यालाही पोटातून घरघर होती आणि टेकडी चढताना ते गुडघे टेकणार हे उघड होतं. तिसरं एका अपघातातल्या गाडीचं पेट्रोल इंजिन. डॉक्टरने स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले. एकसारखा, मऊ घुमारा. त्यात कुठे काही खुपत नव्हतं. तोवर आजूबाजूची तीन-चार गिऱ्हाइकं नेहमीसारखी गंमत बघायला जमली होती.

"हेच?" भंगारवाल्याने विचारलं. विचारताना त्याने मान किंचित कलती केली होती.

ती कलती मान डॉक्टरने बघितली. तुला काही ऐकू येतंय का, एवढंच विचारायचं होतं. पाच शब्द. ते विचारले असते, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण चार माणसं बघत होती, आणि चाळीस वर्षांत डॉक्टरने हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता.

"हेच," तो म्हणाला.

जुना ब्लॉक बदल्यात देऊन टाकला. तो त्याच आठवड्यात वितळायला गेला. पट्टी कापली, माउंट वेल्ड केले, रेडिएटर दोन बोटं पुढे घेतला. काम इतकं सफाईचं झालं, की बॉनेट उघडल्यावर इंजिन मुळातच तिथलं वाटावं. चावी देताना डॉक्टर म्हणाला, आवाज म्हणून नाही बघ. ताई क्षणभर थबकली, मग हसली आणि गाडी घेऊन गेली.

पहिल्या रविवारी छोटूने बॉनेटवरून हात फिरवला, आपल्या जागेवर बसला, आणि ताईने चावी फिरवताच दोन्ही कानांवर हात दाबून खाली उतरला. ताईचा फोन आला तसा डॉक्टर टेकडीवर गेला, स्क्रू ड्रायव्हर लावला आणि गाडी ठणठणीत असल्याचं सांगितलं. नवं इंजिन आहे, सवय होईल. दुसऱ्या रविवारीही तेच झालं. तेव्हा तो जरा चिडूनच म्हणाला, की तू त्याचे फार लाड करतेस.

तिसऱ्या रविवारी ताईने अर्धा तास छोटूची समजूत घातली. आवाज नाहीये रे, मामाने स्वतः बघितलंय, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी तो बसला. कानांवर हात ठेवूनच बसला, पण आईसाठी बसला. दुसऱ्या वळणावर इंजिनात काहीतरी फाडकन तुटलं आणि गाडी थरथरून जागीच मेली. छोटू दार उघडून बाहेर पडला आणि कान दाबून चालत संस्थेत परतला.

डॉक्टर भंगारवाल्याच्याच टोचनगाडीतून तिथे पोहोचला. बॉनेट उघडून झाकण काढायला त्याला पाऊण तास लागला. टायमिंगची चेन तुटली होती, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले होते. इंजिन संपलं होतं. शेजारी उभा भंगारवाला हळहळला.

"मला वाटलं, तुम्ही चेन बदलूनच बसवणार," तो म्हणाला. "एवढी करकरत होती. फाटकापर्यंत ऐकू येत होतं सगळ्यांना. पण तुम्ही हेच म्हणालात, म्हणजे काहीतरी विचार असणार. तुम्हाला आम्ही काय सांगणार?"

डॉक्टरने ग्रीसने माखलेले हात फडक्याला पुसले. ताई रस्त्याच्या कठड्यावर बसली होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तुलाही ऐकू येत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," ताई म्हणाली. "तू नाही म्हणालास, मला वाटलं माझेच कान वाजतायत. म्हातारी झाले मी."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"ताई, मलाच ऐकू येत नाही," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. मी कुणालाच सांगितलं नाही."

ताईने त्याच्याकडे नीट बघितलं. लहानपणी ताप आल्यावर बघायची, तसं. मग तिची नजर वर संस्थेकडे गेली आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"तीन रविवार तो मला सांगत होता," ती म्हणाली. "दुसरं काही सांगत नाही रे तो कधी. एवढी एकच गोष्ट सांगितली, आणि मी त्याला खोटं पाडलं." पदराने तिने तोंड पुसलं. "मला नको सांगूस काही. त्याला जाऊन सांग, आवाज होता म्हणून."

डॉक्टर टेकडी चढून गेला. चढताना त्याला तीनदा थांबावं लागलं. दुसरी गाडी छोटूला चालणार नव्हती, आणि या गाडीत तो आता पाऊल ठेवणार नव्हता, मग आत सोन्याचं इंजिन का बसवेना कोणी. आठवडाभर वाट बघायला त्याच्याजवळ जे एक होतं, ते मामाने काढून घेतलं होतं.

छोटू व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. मामाला बघून तो हलला नाही. डॉक्टर त्याच्यासमोर जमिनीवर बसला.

"आवाज होता, छोटू," तो म्हणाला. "तुझंच बरोबर होतं. मला ऐकू आलं नाही."

छोटूने कानांवरचे हात काढले नाहीत. डॉक्टरने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. मग पुन्हा, आणखी मोठ्याने. व्हरांड्याच्या टोकाशी उभी असलेली संस्थेतली बाई येऊन म्हणाली, अहो, ओरडू नका त्याच्यावर, तो आणखी घाबरतोय.