हेस्टरआजीची जागा

थेक्स्टनच्या बाजारात चर्चच्या भिंतीला लागून आमच्या घराण्याची अंडी विकायची जागा आहे. फरसबंदीत ठोकलेल्या दोन पितळी खिळ्यांच्या मध्ये टेबल मांडायचं, बोटभरही इकडेतिकडे नाही. त्या बोटभर जागेवरून कथबर्टकाकांनी शेजारच्या चीजवाल्या ओबेडशी तीस वर्षं वैर धरलंय. काका महाहट्टी, पण माझा जीव आहे त्यांच्यावर.

ही जागा मिळवली आमच्या हेस्टरआजीने, दोनशे वर्षांपूर्वी. चर्चच्या आवारात तिचं थडगं. मार्चमधल्या आईच्या रविवारी, आया-आज्यांना फुलं द्यायच्या दिवशी, काका तो दगड घासायचे, पिवळी डॅफोडिल्स ठेवायचे आणि तिला अंड्यांचा भाव सांगायचे. मेल्यावर तिच्या शेजारी निजायचं, एवढी एकच इच्छा उरली होती त्यांची. पाद्रीबाईंनी नात्याचा पुरावा मागितला, म्हणून मी जुन्या नोंदवह्या चाळायला बसले.

तिथेच घात झाला. तो दगड आमच्या आजीच्याच नावाच्या, पण दुसऱ्याच हेस्टर पिकर्सगिलचा निघाला. शिवणकाम करून पोट भरणारी, एकटी, मागे कोणी नाही. आमची हेस्टर उत्तरेच्या कोपऱ्यात पुरलेली, आणि पुढे बाजार वाढवताना तो कोपरा फरसबंदीखाली गेलेला, आमची जागाही तेव्हाच तिथे सरकलेली. जुन्या नकाशावर बोट ठेवलं तर ते थेट आमच्या दोन खिळ्यांच्या मध्ये.

तीन दिवस मला चहा गोड लागला नाही. शेवटी सांगून टाकलं. काका हातातली टोपी फिरवू लागले.

"म्हणजे पन्नास वर्षं मी तिच्या उरावर उभा राहून अंडी विकली?"

"हो, काका."

"आणि भाव ऐकवले त्या दुसऱ्याच बिचारीला."

"तिने कधी कुरकुर केली नाही ना?"

ते हसले, मग डोळे पुसले. मी भीतभीत विचारलं, आता त्या दगडाशेजारची जागा नको ना?

"नको कशाला? आपलीला दर गुरुवारी अख्खा बाजार भेटतो. हिला माझ्याशिवाय कोण आहे, पोरी?"

पाद्रीबाईंनी दफनाच्या जागेचा अर्ज पुढे ओढला आणि नात्याच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. काका म्हणाले, "शेजारी लिहा." बाईंनी तसंच लिहिलं आणि सही केली.

गुरुवारी मी बाजारात पोचले तेव्हा काकांचं टेबल खिळ्यांच्या बाहेर, पार ओबेडच्या हद्दीत मांडलेलं होतं. खिळ्यांच्या मधल्या मोकळ्या दगडांवर डॅफोडिल्सची जुडी. आता जुंपणार, असं वाटून मी धावले. ओबेडने फुलांकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि आपलं टेबल तेवढंच मागे ओढून घेतलं.