न विचारणारं गाव

ताराचंदने खात्याच्या लिलावातून जुनी जीप उचलली तेव्हा पंचफुलाला वाटलं, निवृत्तीने माणसाचं डोकं फिरलं. उभा जन्म त्याने सरकारी जीप चालवली होती. साहेब मागे, फायली मागे, ताराचंद पुढे. आता तसलीच एक जीप, रंग उडालेली, टपाचं कापड फाटलेली, क्वार्टरसमोर उभी होती आणि तिच्या बॉनेटवर हात ठेवून तो म्हणत होता, "नागपुरात राहाचं नाई आता. जे गाव आवडन तिथं बस्तान मांडू."

"अन् इंदोऱ्यात आपल्या लोकांत, कांताबाईच्या शेजारी खोली हाय ते?"

"तिथं मले झोप नाई येत."

झोप त्याला नागपुरात कुठेच येत नव्हती. चार वर्षांपूर्वी त्यांची विशाखा कावीळ होऊन गेली. लग्नानंतर फार उशिरा झालेली एकुलती एक पोर, बारा वर्षांची होऊन गेली. तेव्हापासून धरमपेठेतल्या तिच्या शाळेचा रस्ता तो टाळायचा. साहेबांना तिकडे न्यायचं असलं तर लांबचा फेरा घ्यायचा आणि बोलणी खायचा. दवाखान्याचं फाटक, बर्फाच्या गोळ्याची गाडी, तिला घेऊन बारशाला गेले होते ते एखादं घर, असं करत करत त्या एवढ्या शहरात त्याला जायला जागाच उरली नव्हती. पंचफुलाने वाद घातला नाही. ट्रंक भरली, विशूचं एक गाठोडं तळाशी ठेवलं, बाबासाहेबांची तसबीर जुन्या साडीत गुंडाळली. शहात्तरच्या हिवाळ्यात दोघं निघाली.

काटोलला संत्र्यांचे ढीग पडले होते आणि एक घर दोघांनाही आवडलं. मालक, त्याला सगळे भैय्याजी म्हणत, गोड माणूस होता. चहा पाजला. नाव विचारलं. मग आडनाव. मग नागपुरात कोणत्या मोहल्ल्यातले. इंदोरा म्हटल्यावर त्याने कप खाली ठेवला आणि त्याला एकाएकी आठवलं की त्या खोल्या पुतण्याला लागणार आहेत. सावनेरला हेच प्रश्न आले, याच क्रमाने. रामटेकला तर कुणी प्रश्नांची तसदीही घेतली नाही. ट्रंकेवर साडीतून डोकावणारी तसबीर दिसली तेवढी पुरली.

तुमसरला आपल्या माणसांची वस्ती होती. तिथे लोकांनी हात धरून बसवलं, जेवू घातलं, जागा दाखवली. पण संध्याकाळी शेजारची एक पोरगी दोन वेण्यांना रिबिनी बांधून कंदिलाची काच पुसताना दिसली. सकाळी पंचफुला उठली तर ताराचंद जीपमध्ये बसलेला, इंजिन सुरू.

तिने ट्रंक मागे ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली. दोघं भिवापूरला आली तेव्हा रस्त्याच्या कडेला लाल मिरच्या वाळत पडल्या होत्या, शिंका देता देता दोघांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि त्या निमित्ताने तिनेही थोडं रडून घेतलं. पुढे पवनीला जायचं होतं. तिथे जमिनीतून जुना बौद्ध स्तूप निघाल्याचं त्याने ऐकलं होतं. पण वाटेत पुलाचं काम चाललं होतं आणि मजुरांनी एका बाजूच्या रस्त्याकडे हात केला. "इकडून जा, फिरून निघान." फाट्यावर मैलाचा दगड होता, त्याच्यावरची अक्षरं मात्र घासून गेली होती.

तो रस्ता एका गावात गेला. तलावाच्या काठावरचं गाव, मागे आमराई, शेणाने सारवलेली अंगणं. पहिल्याच घरासमोर एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत होती. जीप थांबली तशी तिने मान वर केली आणि म्हणाली, "या. घर रिकामं हाय."

"आमी घर पाहून राहिलो हे कोणी सांगतलं तुमाले?" ताराचंदने विचारलं.

"इकडे येणारा घरच पाहाले येते."

घर समोरच होतं. भिंती नुकत्या पांढऱ्या केल्यासारख्या. माठात पाणी भरलेलं, चुलीत लाकडं रचून ठेवलेली. पंचफुला नाव, आडनाव, मोहल्ला सगळं ओठांवर घेऊन उभी होती. म्हातारीने काहीच विचारलं नाही. दार उघडून दिलं आणि परत सुपाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर पंचफुला सवयीने बाजूला थांबली. आधी बाकीच्यांचं भरू द्यावं, मग कुणी काय म्हणतं ते पाहावं. एका बाईने तिच्या हातातून कळशी घेतली, आपल्याच दोराने पाणी शेंदून भरली आणि तिच्या डोक्यावर ठेवून दिली. कुणी वळूनही पाहिलं नाही. पंचफुला घरी आली आणि कळशी खाली ठेवायचं विसरून तशीच उभी राहिली. असं पाणी भरायला मिळावं म्हणून तर छप्पन्न साली पांढरं लुगडं नेसून ती दीक्षेच्या त्या अफाट गर्दीत उभी राहिली होती. ते असं, एका अनोळखी गावात, न मागता मिळालं.

आणि ताराचंद झोपू लागला. दिवेलागण झाली की जेवायचा आणि उजाडेपर्यंत घोरायचा. त्याचे गाल भरले. सकाळी जीप धुताना तो शीळ घालायचा. लग्न झालं तेव्हा घालायचा तीच शीळ. "इथंच राहू," तो म्हणाला आणि तिने मान डोलावली.

मग हळूहळू तिच्या लक्षात येऊ लागलं. गावात कुणी कुणाला नावाने हाक मारत नव्हतं. सगळं "वं बाई" आणि "गा" वर भागत होतं. घराघरांत भिंती कोऱ्या. ना फोटो, ना देव, ना कॅलेंडर. पाणी भरून देणाऱ्या त्या बाईशी ओळख वाढावी म्हणून तिने एकदा विचारलं, "माहेर कोणतं वं बाई तुमचं?"

बाई हसली. उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. ती विहिरीत पाहू लागली, जसं काही ते खाली पडलं होतं. "थांब हं," ती म्हणाली. "आता होतं." मग दोर गुंडाळत म्हणाली, "राहू दे. कामात राहून गेलं."

"मी बी आली होती कुठून तरी," दुसरी म्हणाली. "बैलगाडीनं. कोणी तरी लई रडत होतं तवा. मीच असन." सुई हरवल्याचं सांगावं तशा आवाजात ती हे सांगत होती.

पंचफुलाने ते ताराचंदला सांगितलं. तो म्हणाला, "बायका मस्करी करत असतीन."

समोरच्या ओसरीवर एक जोडपं राहायचं. नवरा उंच, पाठीत वाकलेला. बायको रोज दुपारी त्याला पुढ्यात बसून वाढायची आणि तो जेवताना त्याच्या ताटावरच्या माश्या पदराने हाकलायची. एका सकाळी गलका नाही, रडणं नाही, आणि पंचफुलाने पाहिलं तर चार माणसं ओसरीवरून तिरडी उचलत होती. खांदा द्यायला ताराचंदही गेला. ती हातातलं पीठ तसंच टाकून धावली. बाई ओसरीवर लाखोरीची डाळ निवडत बसली होती. पंचफुला तिच्या गळ्यात पडली, तशी तिने हलकेच तिला बाजूला केलं आणि रस्त्याच्या टोकाशी वळणाऱ्या तिरडीकडे पाहत विचारलं, "कोण गेलं वं?"

पंचफुला मागे सरली. आपल्या दारात येऊन ती बसून राहिली. बाईने निवडलेली डाळ पाखडली, खडे फेकून दिले आणि आत गेली.

ताराचंद परत आला, तलावावर अंघोळ करून, ओल्या केसांनी. आल्या आल्या जीपच्या चाकाशी वाकून काही तरी पाहू लागला.

"विशूचे बाबा," तिने हाक मारली.

पोर झाल्यापासून ती त्याला याच नावाने हाक मारत आली होती. तो वळला नाही. शीळ चालू होती.

"विशूचे बाबा!"

तिने जवळ जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा तो दचकला. "मले म्हणून राहिली का?"

"मंग कोणाले?"

"हे विशू कोण?" त्याने विचारलं. चेहरा स्वच्छ, नुकत्या झोपेतून उठलेल्या माणसासारखा. मस्करीचा लवलेश नव्हता.

ती त्याच्याकडे पाहत राहिली. आणि खरं सांगायचं तर क्षणभर तिच्या मनात आलं, असू दे. चार वर्षं हा माणूस उशीत तोंड खुपसून रडला. आता झोपतो, जेवतो, गातो. याचं ओझं गेलं असेल तर जाऊ दे. मी आहे ना, दोघांचं मी लक्षात ठेवीन.

ती आत गेली. ट्रंकेच्या तळातलं गाठोडं काढून सोडलं. कंपासपेटी. रिबिनी. शाळेतल्या बक्षिसाचा पेला. आणि एक वाटोळा तपकिरी दगड, तळहातात मावेल एवढा, फडक्यात जपून गुंडाळलेला. तिने तो उलटापालटा करून पाहिला. तो तिनेच गुंडाळला होता, गाठ तिच्याच हाताची होती. पण हा दगड कुठला, विशूने कधी आणला, का ठेवला, काही म्हणता काही तिला आठवेना. विहिरीवरची ती बाई पाण्यात पाहत होती तशी ती त्या दगडात पाहत राहिली. मग तिने घाईघाईने गाठोडं बांधलं.

बाहेर येऊन ती शक्य तितक्या सहज म्हणाली, "पवनीचा स्तूप पाहाचा राहिला ना आपला."

"चाल ना मंग. संध्याकाळी वापस येऊ."

ट्रंक उचलली असती तर त्याला संशय आला असता. तिने फक्त गाठोडं काखेत मारलं. जीप गावाच्या टोकाशी आली तेव्हा ती म्हातारी रस्त्याच्या मधोमध उभी होती. ताराचंदने ब्रेक लावला. म्हातारी पंचफुलाच्या बाजूला आली.

"वापस येता ना?"

त्या गावात तिला तिच्याबद्दल कुणी विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता.

"येतो ना, आजी."

"मंग हे कायले नेतं? जड होते, बाई." म्हातारीने गाठोड्यावर हात ठेवला. हात इतका मायेचा होता, तिच्या आईचाच म्हणावा. पंचफुलाने गाठोडं घट्ट धरलं. म्हातारी जीपसमोरून हटायला तयार नव्हती. ताराचंद म्हणाला, "दे ना वं, संध्याकाळी येऊनच राहिलो आपण." पंचफुलाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा गाठोड्याकडे. दोन्ही नेता येणार नव्हतं. तिने बोटं सोडली.

पवनीपर्यंत ती तोंडाला पदर लावून बसली. "रडून काहून राहिली?" तो दर थोड्या वेळाने विचारत होता. वैनगंगेच्या घाटावर ती उतरली आणि पायरीवर बसली.

"मी आता वापस नाई येत. तुमाले जाचं असन तर जा."

तो आधी हसला, मग चिडला. चांगलं घर, चांगली माणसं, सामान तिथे पडलेलं. बायकोच्या डोक्यात काय शिरलं ते त्याला कळेना. शेवटी पाय आपटत जीपमध्ये बसला आणि निघून गेला. पंचफुला नदीकडे पाहत राहिली. पाण्यावर उन्हाची तिरीप लांब होत गेली. आपण पोर एकदा गमावली, आता नवराही, असं तिला वाटू लागलं, तेवढ्यात मागे जीपचा आवाज आला.

ताराचंद घामाने भिजला होता. "फाटाच नाई सापडला," तो म्हणाला. "भिवापूरपर्यंत दोनदा जाऊन आलो. मजूर होते, पूल होता. रस्ता नाई. विचारलं तर हसाले लागले." तो तिच्या शेजारी बसला आणि लहान मुलासारखा तिच्या पदराचा कोपरा धरून ठेवला.

ती दोघं पवनीलाच राहिली. वस्तीतल्या लोकांनी पहिल्याच दिवशी सगळं विचारून घेतलं, नाव, आडनाव, मोहल्ला, पाहुणे कोण, नोकरी कुठे होती, लेकरं किती. पंचफुलाने एकेका प्रश्नाचं उत्तर पुन्हा पुन्हा दिलं, भुकेल्यासारखं. "एक पोरगी होती," ती म्हणाली तेव्हा ताराचंद शेजारी बसून ऐकत होता. परक्याच्या दुःखाला माणूस जशी मान हलवतो तशी त्याने हलवली.

तिने वाट पाहिली. काही परत आलं नाही. तो झोपायचा, शीळ घालायचा, लोकांच्या गाड्या दुरुस्त करून द्यायचा. मग तिने त्याला सांगायला सुरुवात केली. सकाळी चहा झाला की अंगणात बसून थोडं थोडं. विशू झाली तेव्हा किती पाऊस होता. पहिल्यांदा जीपमध्ये बसवलं तर हॉर्नला कशी भ्यायली. तो मन लावून ऐकायचा. कधी हसायचा, कधी विचारायचा, "मंग?" आजाराचं आलं तेव्हा तो उठून गेला आणि बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पण रडला नाही.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. ती सांगत होती, शाळेत नाव घातलं त्या दिवशी विशूने घरी येऊन पाटीवर आपलं नाव काढून दाखवलं. "अशी बसली होती. पाटी मांडीवर, अन् उजव्या हातात पेन्सिल..."

"डाव्या," ताराचंद म्हणाला.

"काय?"

"डाव्या हातात. डावखुरी होती ना ते." तो स्वतःच चकित झाला होता. कपाळावर आठ्या घालून समोर पाहत होता, कुणी तरी लांबून येताना दिसावं तसा. "गुरुजी मारत होते त्यापायी. मी गेलो होतो शाळेत सांगाले."

पंचफुलाच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी आलं. ती हो म्हणायला गेली. मग थांबली. तिने डोळे मिटून पोरीला समोर बसवलं, जेवताना, वेणी घालताना, पाटीवर वाकलेली. चेहरा दिसत होता. हात दिसत नव्हते. तिने पुन्हा पाहिलं. पोर ताटावर बसली होती, हसत होती, आणि घास कोणत्या हाताने तोंडात घालते ते काही केल्या तिला दिसेना.

"काहून गप झाली वं?" ताराचंदने विचारलं. "सांग ना. मंग पुढं काय झालं?"