हालिनाबाईंच्या आईचं पुस्तक

दसऱ्याच्या दिवशी साडेअकराला मी हॉलमध्ये आलो आणि दारातच थबकलो. मुलाच्या छोट्या व्हाइटबोर्डवर सरस्वती काढलेली, तिच्यापुढे पाटावर माझी पुस्तकं रचलेली, आणि सगळ्यात वर हालिनाबाईंचं पुस्तक. त्याच्या पहिल्या पानावर हळदीकुंकवाचे दोन ठसठशीत ठिपके.

देशोधडीला लागलेल्या पोलिश लेखकांची दुर्मीळ पुस्तकं मी जमवतो. साठेक आहेत. मला पोलिश वाचता येत नाही. बायको याला खूळ म्हणते आणि ते खोटं नाही. मी कोल्हापूरचा. महायुद्धात आमच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, तिथून हे वेड लागलं. अमेरिकेत नेपरव्हिलला नोकरी मिळाली, जवळच्या शिकागोत पोलिश माणसं भेटत गेली आणि वेड वाढलं.

हालिनाबाईंचा जन्मच वळिवड्याचा. आता वय एक्क्याऐंशी. त्यांच्या आईनं छावणीत लिहिलेल्या गोष्टींचं हे पुस्तक. दुसरी प्रत कुठे असल्याचं कुणाला ठाऊक नाही. कव्हर कधीच गेलेलं. पहिल्या पानावर आईनं लेकीसाठी शाईनं लिहिलेल्या चार ओळी. स्कॅन करायला म्हणून त्यांनी ते मला तीन दिवस दिलं होतं; हे नीट परत आलं की घरातली बाकीची जुनी पोलिश पुस्तकंही मला कायमची द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. “तिच्या हातचं माझ्याकडे एवढंच आहे,” म्हणाल्या होत्या. आज बारा वाजता त्या न्यायला येणार होत्या.

“आई, हे काय केलंस!”

“अरे, पूजा! तूच म्हणालास ना उल्हास, हे सगळ्यात मोलाचं? म्हणून वर ठेवलं.” आई सहा महिन्यांसाठी आलेली. माझा चेहरा बघून ती गोंधळली.

ठिपके ओळींच्या खाली होते. अक्षराला धक्का नव्हता. तिथेच थांबायला हवं होतं, पण घाबरलेल्या माणसाला थांबता कुठे येतं? मी पुस्तक घेऊन किचनमध्ये पळालो, कापूस भिजवला आणि साबणाच्या वडीवर घासला.

“साबण नको रे! लाल होईल!” आई मागून म्हणाली.

“तू गप्प बस!”

हळद लालभडक झाली. मी आणखी जोरात पुसलं. पाणी वर चढलं आणि शाई फुटली. चारांतल्या दोन ओळी माझ्या डोळ्यांदेखत निळ्या डागात गेल्या. एवढा मी व्हिसाच्या खिडकीसमोरही घाबरलो नव्हतो.

बेल वाजली.

हालिनाबाईंनी काठी भिंतीला टेकवली, पुस्तक हातात घेतलं आणि पहिलं पान बघितलं. पुसल्या गेलेल्या ओळींवरून बोट फिरवलं.

“हे कोणी केलं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

आता या मला बेजबाबदार समजणार, पुन्हा दारात उभं करणार नाहीत, एवढंच डोक्यात होतं.

“माझ्या आईनं,” मी म्हणालो आणि तिच्याकडे हात केला. “आज आमच्याकडे पुस्तकांची पूजा असते. तिला माहीत नव्हतं.”

आईला इंग्रजी येत नाही. पण ‘मदर’ कळतं, आणि तिच्याकडे केलेला हातही कळला. तिनं माझ्याकडे पाहिलं. ओला कापूस अजून माझ्या मुठीत होता; मी मूठ पाठीमागे नेली. आता ही बोलणार, मला वाटलं.

आईनं पदराला हात पुसले, पुढे आली आणि हालिनाबाईंना हात जोडले.

“सॉरी,” ती म्हणाली.

हालिनाबाईंनी डोळे टिपले. “यात तुझी चूक नाही,” त्या मला म्हणाल्या. “बाकीची पुस्तकंही तुलाच देईन. पण तुझी आई भारतात परत गेल्यावर.”

मी मान डोलावली. त्यांना गाडीपर्यंत सोडून आलो, तर आई दारातच उभी.

“काय म्हणाल्या रे? देतील ना तुला पुस्तकं?”

“देतील.”

“मग झालं तर,” म्हणत ती पाट आवरायला वळली. कधी देतील ते तिनं विचारू नये, एवढीच भीती आता उरली होती.