गहिनीनाथ खेडकर यांची वर्षभराची कामगिरी

रणगाड्याचं इंजिन उतरवून पुन्हा चढवायला सांगितलं असतं, तर नायब सुभेदार गहिनीनाथ खेडकरनं ते हसत हसत केलं असतं. पण ‘वर्षभरात तुम्ही काय काय केलंत, ते एका पानावर लिहून द्या’ म्हटल्यावर गडी पार घामाघूम झाला. सकाळपासून तीन चहा झाले, दोन पेनं बदलून झाली, आणि कागद आपला कोराच.

कागद साधा नव्हता. नगरच्या छावणीतल्या त्या वर्कशॉपमध्ये दरवर्षी गोपनीय अहवाल लिहिले जात, आणि त्याआधी ज्यानं त्यानं आपल्या कामांची यादी द्यायची, अशी पद्धत होती. गहिनीनाथची चोवीस वर्षं नोकरी झालेली. यंदाचा अहवाल चांगला गेला तर तो सुभेदार होणार, नाहीतर दोन वर्षांनी ट्रंक बांधून पाथर्डीची एसटी धरायची. त्याची बायको छबूबाई गावाकडं असायची. तिनं परवाच फोनवर ऐकवलं होतं, “गाव तुमाला कवाच सुभेदार म्हनायला लागलंय. मी बी कुनाला दुरुस्त करीत न्हाई. आता सरकारनं तेवढं म्हनावं.”

हे वाक्य गहिनीनाथच्या डोक्यातून जात नव्हतं. त्याला सुभेदार व्हायचं होतं, अगदी मनापासून व्हायचं होतं. नाही म्हणणारा माणूस खोटं बोलतो असं माझं मत आहे, आणि गहिनीनाथ खोटं बोलणारा नव्हता. अडचण तीच होती.

वर्षापूर्वीच त्याच्याकडं आलेल्या सेक्शनमध्ये वर्षभर कामं झाली होती, आणि नाव काढावं अशी झाली होती. पण कुठलंही काम चांगलं झालं की हा माणूस दोन पावलं मागं सरकायचा आणि करणाऱ्या पोराला पुढं ढकलायचा. ही त्याची जुनी खोड. तो स्वतः कोवळा जवान असताना त्यानं राजस्थानच्या वाळूत तीन दिवस, तीन रात्री खपून एक बंद पडलेलं इंजिन चालू केलं होतं. हारतुरे मात्र मिळाले त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादाला, जो त्या तीन दिवसांत तंबूबाहेर फिरकलाही नव्हता. गहिनीनाथ मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्या टाळ्या त्याच्या तळहाताला अजून झोंबत होत्या म्हणा ना.

शेवटी त्यानं वर ‘वर्षभरातली कामगिरी’ असं लिहिलं, खाली रेघ मारली, आणि मग मात्र पेन सुसाट सुटलं. रणगाड्याच्या पट्ट्याची पिन काढायला चार माणसांचा अर्धा दिवस जायचा. उझैर शेखनं भंगारातून एक अवजार बनवलं, आता दोन माणसं तासाभरात काढतात. गोळीबाराच्या रेंजवर काळ्या मातीत चाकांपर्यंत रुतलेली गाडी थापानं एकट्यानं बाहेर काढली. मुरुगननं मेलेल्या तीस बॅटऱ्या जिवंत केल्या. यादवनं स्टोअर असं लावलं की आंधळ्यालाही बोल्ट सापडावा. गुरमीत वेल्डिंगच्या परीक्षेत पहिला आला. पाच पोरं, पाच परिच्छेद. खाली सही ठोकून त्यानं कागद हेडक्लार्क सॅमसन ओहोळच्या टेबलावर ठेवला आणि सुटलो एकदाचा म्हणून चौथा चहा घेतला.

हवालदार सॅमसन हा राहुरीचा. नीटनेटका माणूस, शिक्का तिरका पडला तर जेवण गोड न लागणारा. त्याच आठवड्यात जवानांना द्यायच्या प्रशस्तिपत्रांच्या शिफारशी वर जायच्या होत्या. त्यानं पाच नावं पाहिली, खाली नायब सुभेदाराची सही पाहिली, आणि त्याला वाटलं, वा, खेडकर साहेबांनी शिफारशी वेळेत दिल्या! टाईप करून, मेजर साळवे मॅडमची सही घेऊन, त्यानं तो कागद मुख्यालयाला रवानाही केला.

दोन दिवसांनी तो गहिनीनाथला गाठून म्हणाला, “साहेब, सगळ्यांचे कागद आले. तुमचाच राहिलाय.”

“दिला की.”

“तो पोरांच्या शिफारशींचा.”

“कसल्या शिफारशी? त्यो माझाच हाय.”

सॅमसनच्या तेव्हा कुठं लक्षात आलं. मग त्यानं डोक्याला हात लावला. “साहेब, त्यात तुमचं नाव सहीशिवाय कुठंच नाही!”

“मग? कामं त्यांनी केलीत, नाव माझं कसं येईल?”

सॅमसन मनाचा चांगला. त्यानं स्वतःच बसून एक नवा कागद तयार केला आणि दुपारी मोठ्या उत्साहानं वाचून दाखवला. ‘नायब सुभेदार खेडकर यांच्या कुशल नेतृत्वाखाली व अथक मार्गदर्शनाखाली पट्ट्याची पिन काढण्याचे अवजार विकसित करण्यात आले.’ पुढं रुतलेली गाडी त्यांच्या नेतृत्वाखाली निघाली होती, बॅटऱ्याही त्यांच्याच नेतृत्वाखाली जिवंत झाल्या होत्या.

गहिनीनाथ ऐकता ऐकता लालबुंद झाला. “फाड त्यो कागद. ही चोरी हाय, सॅमसन.”

“साहेब, सगळे असंच लिहितात.”

“लिहू दे. माझ्या हातानं व्हनार न्हाई.”

“आणि बढती?”

गहिनीनाथनं तो कागद घेऊन स्वतःच फाडला. बढतीचं नाव काढलं की त्याच्या डोळ्यांसमोर छबूबाई यायची. ती कुणाला काही दुरुस्त करीत नव्हती, हेच त्याला जास्त लागत होतं. पंधरा दिवस तो कागदाला टाळत राहिला आणि फोनवर छबूबाईला ‘अजून लिवला न्हाई’ म्हणत राहिला. शेवटच्या दिवशी सॅमसन दारातच उभा राहिला, तेव्हा त्यानं उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या: ‘मी वर्षभर ड्युटीवर हजर होतो. माझ्या सेक्शनमध्ये कुणाला इजा झाली नाही.’ सॅमसननं त्या दोन ओळी दोनदा वाचल्या आणि फायलीत लावल्या. त्या दिवशी त्याचा शिक्का तिरका पडला.

पुढच्या आठवड्यात मेजर आराधना साळवेंनी गहिनीनाथला बोलावलं. या वर्कशॉपच्या प्रमुख. वयानं त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, फौजेच्या रिवाजाप्रमाणे त्याला ‘साहेब’ म्हणायच्या, पण कागद वाचायला बसल्या की भल्याभल्यांची बोबडी वळायची. टेबलावर त्याचा दोन ओळींचा कागद होता, आणि शेजारी मुख्यालयाचा जाडजूड लिफाफा.

“बसा, साहेब. ड्युटीवर हजर होतात, हे कळलं. आणखी काही?”

“न्हाई, मॅडम.”

त्यांनी लिफाफा त्याच्याकडं सरकवला. आत पाच प्रशस्तिपत्रं होती, उझैरपासून गुरमीतपर्यंत सगळ्यांची. एकही नाव गळलं नव्हतं. गहिनीनाथ खुर्चीतून उठलाच. “समद्यांना? पाची जनांना?” त्याला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मॅडमच्या समोर आहोत हेही विसरून त्यानं एकेक पत्र उलटून पालटून पाहिलं.

“एका सेक्शनला एका वर्षात पाच. मुख्यालयानं फोन करून विचारलं, तिथं चाललंय काय?” त्या म्हणाल्या. “आता मला सांगा, उझैर तुमच्याकडं आला तेव्हा कसा होता?”

“पोरगं चांगलंच हुतं, मॅडम.”

“दोनदा शिक्षा झाली होती. मीच दिली होती. थापाला कुणी गाडीला हात लावू देत नव्हतं. यादव बदली मागत होता. मुळात एवढे चांगले होते, तर तुमच्याआधीच्या वर्षी चांगले का नव्हते?”

गहिनीनाथ पत्रांच्या कडा जुळवू लागला. या प्रश्नाचं उत्तर त्यानं कधी शोधलंच नव्हतं.

“काल मी पाचही जणांना वेगवेगळं बोलावलं,” मॅडम म्हणाल्या. “अवजाराची पहिली तीन मोडली, तेव्हा उझैर ते सोडून द्यायला निघाला होता. चौथ्याचं लोखंड तुम्ही जुन्या बाजारातून सायकलवर आणलंत. मुरुगनला मराठी येत नाही, तुम्हाला तमिळ येत नाही, तरी तुम्ही दोघं महिनाभर रोज संध्याकाळी बॅटऱ्या उघडून बसलात. यातलं एक तरी खोटं आहे का?”

“खोटं न्हाई. पर मॅडम, ते माझं काम म्हनून लावलं, तर पोरांचं काढून घेतल्यावानी व्हतं. माझ्यासोबत तसं झालेलं हाय.”

“माहीत आहे. उझैरनं तेही सांगितलं.” त्यांचा आवाज मऊ झाला. “तुमच्या त्या उस्तादानं तुमचं काम घेतलं. मी तुमच्या नावावर पोरांचं काम लावत नाहीये, साहेब. त्यांचं त्यांना मिळालंय, ते तुमच्या हातातच आहे. मी तुमचं काम लावतेय.”

त्यांनी अहवालातला आपण लिहिलेला भाग पुढं केला. नियमानं तो वाचून त्याला सही करायची होती. त्यात पाचही पोरांची नावं गावासकट होती. आधी काय होते, आता काय आहेत आणि मधल्या वर्षात या माणसानं काय केलं, हे साध्या वाक्यांत लिहिलेलं. ‘कुशल नेतृत्व’ हे शब्द एकदाही नव्हते. गहिनीनाथनं पान तीनदा वाचलं. चोवीस वर्षांत कुणीतरी त्याच्याकडं नीट पाहिलं होतं, आणि त्याला इतकं बरं वाटलं की सही करताना आपलंच आडनाव त्यानं सावकाश, वळण काढत लिहिलं.

चार महिन्यांनी बढतीची यादी लागली, आणि तीत गहिनीनाथचं नाव होतं. त्याच्याआधी ती पोरांना कळली आणि वर्कशॉपमध्ये पाने-हातोड्यांचा असा काही दणदणाट झाला, की शेजारच्या युनिटनं माणूस पाठवला.

खांद्यावर नवा स्टार चढवायच्या दिवशी छबूबाई नव्या लुगड्यात आली होती. एका खांद्यावर मॅडमनी चढवायचा, दुसऱ्यावर बायकोनं, असा तिथला रिवाज. छबूबाईनं आपला स्टार दोनदा काढून सरळ लावला. स्टार लावून झाल्यावर ती सगळ्यांसमोर मॅडमना म्हणाली, “एक विचारू का बाई? ह्यांनी नेमकं केलं काय? घरी विचारावं तर म्हनत्यात, समदं पोरांनी केलं.”

गहिनीनाथ मान खाली घालून उभा राहिला. मॅडमनी मागं उभ्या असलेल्या पोरांकडं वळून पाहिलं. तेव्हा कोपरगावचा उझैर पुढं आला. एरवी बोलायला लागला की थांबत नसे, त्या दिवशी एकच वाक्य बोलला.

“काकू,” तो म्हणाला, “ह्यांनी आमाला मानसांत आनलं.”

मागून थापा, मुरुगन, यादव आणि गुरमीत यांनी मान हलवली. मुरुगनला वाक्य कळलं की नाही कोण जाणे, पण त्यानं सगळ्यांत जोरात हलवली.

छबूबाईनं पदरानं डोळे पुसले. मग ती नवऱ्याकडं वळली. “आन् एवढं लिवायला पंधरा दिस लागले व्हय तुमाला?”

सगळं वर्कशॉप खदखदून हसलं, आणि सुभेदार गहिनीनाथ खेडकर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला.