अनुसयाबाईंची गंधमुक्ती

योगराज माणूस शूर होता, पण साथ येईपर्यंतच. पांडेसऱ्याच्या चाळीत गणपतीची वर्गणी काढताना, नळावरच्या भांडणात किंवा डाइंग मिलच्या मुकादमाला पाठीमागे शिव्या घालताना त्याच्या छातीला तोड नव्हती. चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बोंब उठली आणि दुसऱ्याच दिवशी ती छाती स्टेशनावर पोचली.

तो निघाला तेव्हा त्याची आई, अनुसयाबाई, तापाने फणफणत होती. "गाडीले जागा शे का दखीसन येस," असं बायकोला, सुंदराला, सांगून तो गेला. घरात प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांची एकच पट्टी होती. तिच्यासाठी सुंदरा तीन तास उन्हात रांगेत उभी राहिली होती. योगराजबरोबर ती पट्टीही जागा बघायला गेली. सुंदरा आणि नऊ वर्षांची सोनाली बोचकं बांधून संध्याकाळपर्यंत दारात बसून राहिल्या. मग सुंदराने बोचकं सोडलं आणि चुलीवर खिचडी टाकली.

चौथ्या दिवशी अनुसयाबाई गेल्या. प्लेगने गेल्या की साध्या हिवतापाने, हे सांगायला गल्लीत डॉक्टर उरला नव्हता. पुरुष दोन उरले होते, त्या दोघांनी आतून कड्या लावल्या. समोरच्या उषाबाई तेवढ्या आल्या. भाजीवाला आपली लारी, म्हणजे हातगाडी, टाकून पळाला होता. त्या लारीवर म्हातारीला ठेवून दोघी बायकांनी ती स्मशानापर्यंत ढकलली. सुंदरा म्हणजे कोण, तर गल्लीतून प्रेत जाताना पाहिलं तरी दोन दिवस जेवण न जाणारी बाई. त्या दिवशी लारीचं चाक खड्ड्यात अडकलं, तेव्हा सासूचे पाय घट्ट धरून तिनेच धक्का मारला.

तिथल्या माणसाने तोंडावर रुमाल बांधला होता. "दीकरो क्यां छे?" त्याने म्हातारीच्या मुलाबद्दल विचारलं.

"भागी गयो," सुंदरा म्हणाली. तिची गुजराती भाजीबाजारापुरती होती, पण तेवढ्याला ती पुरली.

तिने खांद्यावर मडकं घेतलं, फेरे मारले आणि अग्निडाग दिला. मग ती तिथेच मोठ्याने रडली. सासू खाष्ट होती, जिभेने सोलून काढायची; पण बाळंतपणात रात्र रात्र उशाशी बसलीही होती. असं माणूस भाजीच्या लारीवरून न्यावं लागलं, याचं तिला फार दुःख झालं. घरी परतताना मात्र तिच्या लक्षात आलं की आता कशाचीच भीती वाटत नाही. त्याने तिला काही आनंद झाला नाही.

म्हातारीच्या दहाव्या दिवसापर्यंत साथ ओसरली आणि एकेक मर्द परत येऊ लागला. योगराजला गावाने वेशीवरूनच हाकललं होतं, म्हणून तो नवापूरला मित्राच्या शेतात लपला होता. आई गेल्याचं त्याला नाक्यावर कळलं. त्याने हंबरडा फोडला तो घराच्या दारात आल्यावर, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. लगेच डोकंही भादरून घेतलं. गोळ्यांची पट्टी त्याच्या खिशात रिकामी होती.

मग तो हळूच कामाचं बोलला. भाऊबंद सगळे पळालेले, कोणी काही पाहिलेलं नाही. अग्निडाग मुलानेच दिला असं सांगायचं. "तोंड उघाडं ते सोनालीले लिसन माहेर जाय," तो म्हणाला. सुंदरा तांदूळ निवडत होती. तिने खडे बाजूला काढले. माहेरी भावजयीच्या राज्यात एक कोपरा मिळाला असता, तोही ऐकून घेत. उषाबाईंकडे साड्यांचे धागे कापायचं काम होतं, त्यात दोन पोटं भरतील का, याचाही तिने विचार केला. तांदूळ निवडून झाले तरी तो विचार संपला नव्हता.

तेराव्या दिवशी सुतक संपवणाऱ्या गंधमुक्तीला उधना, लिंबायतहून भाऊबंद आले. सगळे नुकतेच पळून परत आलेले, त्यामुळे धीर द्यायला फार उत्साही. घरात अहिराणी बोलणारा योगराज पाहुण्यांपुढे कीर्तनकारासारखं बोलू लागला. "दुःखाने माणूस घडतो. या पंधरा दिवसांनी मला फार शिकवलं," तो म्हणाला. माना डोलल्या. काय शिकवलं, ते कोणी विचारलं नाही. प्रत्येकाचा धडा तोच होता. सुंदराला वाटलं, यांना झाडूने गल्लीबाहेर काढावं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि वर ढेकर.

ज्याने अग्निडाग दिला त्याला टोपी घालायची, अशी रीत. सुपडूबाबा योगराजचे चुलते, सगळ्यांत वडीलधारे. पांढरी टोपी हातात घेऊन त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "डाग कोन्ही दिना?"

योगराजने बायकोकडे पाहिलं. कोपऱ्यातून सोनालीही आईकडे बघत होती. योगराजची नजर धमकीची होती. पोरगी नुसतीच वाट बघत होती.

"मी दिना," सुंदरा म्हणाली. "मी आनि उषाबाईनी लारी ढकली. हाऊ नवापूरले व्हता."

जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागला, कारण पुढचा प्रश्न 'आणि तुम्ही कुठे होता' हा होता. सुपडूबाबांच्या हातातली टोपी तशीच राहिली. बाईला टोपी घालायची रीत नव्हती, आणि पळालेल्याला घालायची तर बाबांची जीभ रेटेना.

सुंदराने पदर डोक्यावर नीट घेतला.

"टोपी त्यालेच घाला, बाबा," ती म्हणाली. "मना डोकावर मना पदर शे. उघडा तो शे."

आणि योगराजने खरोखरच डोकं पुढे केलं.