मुळीचं नाव

“आजी, खरं सांगा. बाबांना बाहेरचं काय पाजता?”

डॉक्टर प्रीती खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. हातात सकाळच्या रक्ताचा रिपोर्ट होता. जयवंताबाईनं पदर डोक्यावर ओढला आणि फरशीकडं बघितलं.

“पेज पाजते. ज्वारीच्या पिठाची.”

“त्यात काय घालता?”

“मीठ.”

खाटेवर तिचा नवरा सांडू डोळे मिटून पडला होता. उजव्या पायाला घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत पट्टी होती. खाटेच्या दांडीला लघवीची पिशवी लटकत होती. कालपासून तिच्या तळाला जेमतेम बोटभर, काळ्या चहासारखं पाणी साचलं होतं. जयवंताबाई कालपासून त्या पिशवीकडंच बघत होती.

डॉक्टर स्टूल ओढून तिच्यापुढं बसल्या. त्या परतूरच्या होत्या, बोलायला मोकळ्या. पण आज त्यांचा आवाज दबका होता.

“मी रागवत नाही, आजी. नीट ऐका. बाबांच्या जखमेतले जंतू औषधाला दाद देत नाहीत. आपण त्या जंतूंवर अठरा औषधं तपासून बघितली. सतरा वाया गेली, एक चाललं. त्याचंच इंजेक्शन नऊ दिवस देतोय. ताप उतरला, जखमेचा वास गेला. पण तीन दिवसांपासून किडनी बसत चालली. हे इंजेक्शन किडनीला त्रास देतं, हे खरं. पण इतक्या लवकर इतका त्रास व्हायला नको होता. पोटात दुसरं काही जात असेल तर ते थांबवून इंजेक्शन चालू ठेवता येईल. जात नसेल तर इंजेक्शनच थांबवावं लागेल.”

“अन् थांबवल्यावर?”

“मग पाय मांडीपासून काढायचा. तेवढ्यावर भागेल, असंही मी म्हणत नाही.”

जयवंताबाईनं सांडूच्या अंगावरची चादर सारखी केली. 

“दोन वाजता पुढचं इंजेक्शन आहे,” डॉक्टर उठत म्हणाल्या. “त्याआधी मला सांगा.”

त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. जयवंताबाईनं कमरेच्या चंचीवर हात ठेवला. चंचीत पान-सुपारी होती आणि सुपारीच्या खाली चिंधीत गुंडाळलेली, करंगळीएवढी मुळी होती.

ही मुळी तिला सासूनं दिली होती. सासू दुर्गाबाई मेंढरांमागं हिंडत आयुष्य काढलेली बाई. गळू, करट, चिघळलेली जखम, माणसाची असो की जनावराची, लोक तिच्याकडं येत. मरायच्या आधी तिनं सुनेला माळावर नेऊन झुडूप दाखवलं आणि नाव कानात सांगितलं. मुळी रोज कोवळ्या उन्हाच्या आधी उगाळायची. तीन सकाळी द्यायची, चौथी नाही. बदल्यात कुणाकडून घोटभर चहासुद्धा घ्यायचा नाही. आणि नाव कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की त्या दिवसापासून हाताचा गुण गेला, आणि ज्याच्या पोटात त्या वेळी मुळी असेल तो माणूसही गेला.

हे नुसतं ऐकलेलं असतं तर जयवंताबाई एवढी भ्याली नसती. तिनं ते बघितलं होतं. दुर्गाबाईच्या भावालाही मुळी ठाऊक होती. भोकरदनच्या बाजारात चारचौघांनी डिवचलं म्हणून तो नाव बोलून गेला. त्या वेळी त्याच्या हातचं औषध घेणारी एक लेकुरवाळी बाई होती, पाठीवर काळपुळी उठलेली. दोन दिवसांत ती गेली. तिची पाठ जयवंताबाईनं स्वतः धुतली होती. तेव्हा ती वीस वर्षांची होती. आता साठी उलटली होती, तरी ती पाठ तिच्या डोळ्यांपुढून हलली नव्हती.

आणि आता सांडूच्या पोटात मुळी होती.

दिवाळीनंतर मेंढरांच्या वाड्याच्या तारेचा तुकडा त्याच्या टाचेत गेला. साखरेचा आजार होताच. गावातल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. सांडूची गोळ्या खायची एक रीत होती. दोन दिवस खायच्या, ठणका कमी झाला की उरलेल्या ठेवून द्यायच्या. मेंढीच्या कोकराला हगवण लागली की त्यातली एक अर्धी करून त्याला घालायची. जनावरांच्या डॉक्टरनं मेंढ्यांसाठी दिलेल्या औषधातलं काही उरलं, तर तेही कधी स्वतः घ्यायचं. “तिची अन् माही जात येकच,” असं तो हसून सांगायचा. वीस-पंचवीस वर्षं हेच चाललं. वाया काही जाऊ द्यायचं नाही, ही धनगराच्या घरची शिस्त. या वेळी मात्र गोळ्या बदलल्या, सुया बदलल्या, पायाचा रंग काही बदलेना. शेवटी लेकानं गाडीत घालून इथं जालन्याला आणलं.

इथं आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मुळी सुरू केली. उजाडायच्या आत मोरीपाशी बसायची आणि गावाहून आणलेल्या ओढ्यातल्या चपट्या दगडावर उगाळायची. तीन सकाळी झाल्या. सांडूचा ताप उतरला. त्याच दिवसांत ते नवं इंजेक्शनही सुरू झालं होतं. गुण कशाचा, ते कुणी सांगावं? पण तिला वाटलं, आता थांबवलं आणि ताप परत आला तर? तिनं चौथ्या सकाळीही दिली. मग पाचव्या. मग भीतीपोटी संध्याकाळीही द्यायला लागली. आज अकरावा दिवस होता.

बाराच्या सुमाराला रामेश्वर डबा घेऊन आला. तो नवीन जालन्यात बियाण्यांच्या गोदामात हमालांवर देखरेख करायचा. अंगावर अजून गोणीची धूळ होती. डबा ठेवून त्यानं आईला वरांड्यात बोलावलं.

“माय, डॉक्टरीण काय म्हणून राह्यली, तुला कळलं का?”

“कळलं.”

“मंग सांग ना तिला.”

“काय सांगू?”

“मी काय कुकुलं बाळ हाय का? तुह्या चंचीत काय हाय, ते मला ठाव न्हाई का? लहानपणी माह्या मांडीवर करट आल्तं तव्हा मलाबी तूच पाजलं.”

“तू वाचलास ना?”

“वाचलो म्हणूनच भांडून राह्यलो.” त्यानं आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. “हे बघ, बापाला काई झालं तर मी तुला बोलणार न्हाई. पण मी तुह्याशी मंग कधीच बोलणार न्हाई, हेबी ध्यानात ठेव.”

“अरे, नाव सांगितलं अन् तो गेला तर?”

“अन् न सांगता गेला तर?”

 दोन्हीकडून तोच एक माणूस जात होता. रामेश्वरनं भिंतीला टेकून डोळे मिटले.  तिला वाटलं याला जवळ घ्यावं, पण तो बेचाळीस वर्षांचा होता आणि वरांड्यात माणसं होती.

ती आत आली. सांडू जागा होता. तोंड सुकलेलं, डोळे खोल गेलेले.

“काय म्हणतंय तुहं पोरगं?”

“काई न्हाई. डबा आणला.”

“मला समदं ऐकू येतं, रामेश्वरच्या माय. पाय सडला, कान न्हाई सडले.”

ती त्याच्या उशाशी बसली. ओठांना ओला बोळा लावला. तो म्हणाला, “तू भिऊन राह्यली. मला दिसतं. लांडग्याचा वास आल्यावर मेंढी जशी चालती, तशी तू चार दिसांपासून चालती.”

“अवो, आईनं काय सांगितलं व्हतं तुम्हाला ठाव हाय.”

“माहीच माय व्हती ती. मला ठाव न्हाई व्हय?” त्यानं दम घेतला. “तिनं तीन सकाळी सांगितल्या व्हत्या. तू मला किती पाजलं?”

जयवंताबाईनं बोळा परत पाण्यात बुडवला.

“मी मोजून राह्यल्तो,” सांडू म्हणाला. “मला दुसरा काय धंदा हाय हितं?”

“मंग बोलले का न्हाई?”

“तुला तेवढाच धीर व्हता. कडू लागायचं लय. पण तू गिलास धरायची तव्हा तुहा हात कापायचा बंद व्हायचा.”

तिनं तोंड दुसरीकडं वळवलं. भिंतीवरच्या घड्याळात काटे कुठं होते ते तिला वाचता येत नव्हतं. लहान काटा उभा असला की बारा आणि कलला की पुढचं, एवढंच कळायचं. तो कलला होता.

ती उठली. डॉक्टरांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. डॉक्टर प्रीती उभ्यानंच चहा पीत होत्या. तिला बघून त्यांनी कप ठेवला आणि दार लोटून घेतलं.

“बसा, आजी.”

ती बसली नाही. चंची सोडली, चिंधी काढली आणि मुळी टेबलावर ठेवली. ठेवल्यावर बोटं तिच्यावरून निघेनात.

“नाव काय हिचं?”

“नाव घेतलं की माणूस मरतो, बाई.”

डॉक्टर हसल्या नाहीत. “तुम्ही बघितलंय?”

“बघितलंय.”

“मीही माणसं मरताना बघितली आहेत. नाव न कळल्यामुळं. काय पोटात गेलं होतं ते कुणी सांगितलंच नाही म्हणून.”

जयवंताबाई खुर्चीवर टेकली. बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत गेली. तिनं पुढं वाकून डॉक्टरांच्या कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. चाळीस वर्षांत ते तिच्या जिभेवर आलं नव्हतं. तिला वाटलं होतं, आवाजच फुटणार नाही. तो फुटला, आणि इतर कुठल्याही शब्दासारखाच निघाला.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. जयवंताबाईला वाचता येत नव्हतं, पण जागा दिसत होती. बोटाच्या एका पेरात मावेल एवढंच होतं ते.

डॉक्टरांनी कुणाला तरी फोन लावला. बराच वेळ बोलणं चाललं. बरंचसं इंग्रजीत होतं. मध्येच त्यांनी मुळीचा फोटो काढून पाठवला. मग फोन ठेवून त्या म्हणाल्या, “आमचे कॉलेजातले सर अशाच झाडपाल्यावर काम करतात. या जंतूंच्या अंगात मोटार असते, आजी. विहिरीतलं पाणी उपसावं तसं ते औषध उपसून बाहेर फेकतात. काही मुळ्यांमधलं सत्त्व त्या मोटारीत अडकून बसतं. मोटार बंद पडली की औषध आत टिकतं. एकटी मुळी जंतूला मारत नाही, एकटं औषधही मारू शकत नाही. दोघं मिळून मारतात. तुमची ही मुळी सरांनी काचेच्या थाळीत लावून बघितली आहे.”

“मंग माही मुळी खोटी न्हाई?”

“खोटी नाही. पण थाळीला किडनी नसते. माणसाला किती द्यायची, कोणत्या औषधाबरोबर द्यायची, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. सरांनाही नाही. जास्त झाली तर हीच किडनीवर बसते. प्रमाणच ठरलेलं नाही ना.”

“ठरलेलं व्हतं,” जयवंताबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. “तीन सकाळी. सासूनं ठरवून दिल्तं. मी अकरा दिस दिली. सांजच्यालाबी दिली.”

डॉक्टरांनी पेन उचललं, परत खाली ठेवलं.

“का?”

“भ्याले, बाई.”

 मग डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. किती उगाळायची, कशात मिसळायची, शेवटची कधी दिली. जयवंताबाईनं काही लपवलं नाही. मुळी टेबलावरच राहिली.

दोन वाजता सिस्टर आली. इंजेक्शन थांबवलं नव्हतं, प्रमाण कमी केलं होतं. दुसरी सलाईनही लावली. “उद्याच्या रक्तावर बघू,” असं डॉक्टर रामेश्वरला सांगून गेल्या. तो आईजवळ येऊन बसला आणि डबा उघडून भाकरीचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला. तिनं तो धरला, खाल्ला नाही. ती सांडूच्या छातीकडं बघत होती. छाती वर जायची, खाली यायची, मध्ये थांबायची. तेवढ्या थांबण्यात तिचा स्वतःचा श्वास थांबायचा. नाव सांगून झालं होतं. आता जे व्हायचं ते कोणत्याही श्वासाला होऊ शकत होतं.

तिन्हीसांजेपर्यंत काही झालं नाही. पिशवीत दोन बोटं पाणी चढलं होतं. रंग तोच होता. तिनं सिस्टरला विचारलं, “जास्त हाय ना?” सिस्टर म्हणाली, “आहे थोडं. उद्या कळेल.”

दिवे लागले तेव्हा रामेश्वरचा फोन वाजला. गावाहून त्याची बायको रेणुका होती; सासूला ती मामी म्हणायची. “मामी जवळ हायत का? हसनाबादचे एक जण आलेत दाराशी. लेकराच्या पायाला गळू झालंय. दोन तासांपासून बसून हायत. माय कधी येती म्हणून इचारून राह्यलेत. मी काय सांगू?”

रामेश्वरनं आईकडं बघितलं. “मी सांगू का?”

“दे हिकडं.”

तिनं फोन कानाला लावला. पलीकडं गड्याचा दमलेला आवाज आला. “जयवंतामाय, राम राम. मागं माह्या बापाचा पाय तूच बरा केल्ता. लय ठणकून राह्यलंय लेकराला. कधी येती?”

वॉर्डात सगळे आपापल्या माणसात होते. जयवंताबाईनं चंचीवर हात ठेवला. ती हलकी लागली.

“मी येऊन काई उपयोग न्हाई, बाबा,” ती म्हणाली. “माह्या हाताला आता गुण न्हाई राह्यला.”

“असं कसं म्हणती, माय?”

“खरं सांगते. आजपासून न्हाई. लेकराला जल्दी दवाखान्यात ने. उद्यावर टाकू नको. अन् गोळ्या देतील त्या समद्या खाऊ घाल, बराबर.”

 पलीकडून लेकरू रडत असलेलं ऐकू येत होतं.

“कोणत्या दवाखान्यात नेऊ?” गड्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. एसटी स्टँडवर उतरून कोणत्या बाजूला वळायचं, कोणत्या दारातून आत यायचं, केसपेपर कुठं काढायचा, सगळं सावकाश सांगितलं. मग फोन लेकाच्या हातात दिला.

सांडूनं डोळे उघडले. “कोण व्हतं?”

“कोणी न्हाई,” ती म्हणाली. “दवाखान्याचा रस्ता इचारत व्हता.”

“सांगितला?”

“सांगितला.”