खैरुन्निसाच्या हातची वायर

मी एक जुनी वायर आहे आणि आधीच सांगून टाकते, मित्रांनो, आज मला पाहून गाण्याशी माझं कधी काही नातं होतं हे तुम्हाला पटायचं नाही. माझ्या काळ्या अंगावर चिमट्यांचे वळ आहेत, उन्हाने माझा रंग विटला आहे. पण माझा जन्म कपडे वाळत घालण्यासाठी झालेला नव्हता. मोटारीच्या टेपमधून निघालेलं गाणं मागच्या डिक्कीतल्या, आवाज मोठा करणाऱ्या अॅम्प्लिफायरपर्यंत जसंच्या तसं नेऊन पोचवायचं, हे माझं काम होतं.

काम साधं वाटतं ना? तसं ते नाही. टेपमधून निघतं तेव्हा गाणं फार नाजूक असतं. वाटेत गाडीच्या बॅटरीची जाड वायर, इंजिन, दिवे, हॉर्न असे नाना प्रकार असतात आणि प्रत्येकाची कुरकुर गाण्याला चिकटू पाहते. म्हणून आमच्या अंगात तांब्याच्या बारीक तारांची जाळी असते. ती कुरकुर बाहेरच अडवते. ज्या वायरीची जाळी दाट आणि टोकाचा डाख, म्हणजे वितळवलेल्या कथलाचा सांधा, पक्का, ती वायर चांगली. वरचं कव्हर जांभळं आहे की सोनेरी, याला काडीचाही अर्थ नाही.

माझी जाळी दाट होती आणि माझा डाख खैरुन्निसाने दिला होता.

मोताळ्यात बसस्टँडच्या अलीकडे युसूफभाईंचं गाड्यांच्या सजावटीचं दुकान आहे. सीट कव्हर, पायपुसणी, टेप, स्पीकर, सगळं मिळतं. दुकानाच्या मागे एक पडदा आणि पडद्यामागे त्यांचं घर. त्या पडद्यापलीकडच्या टेबलावर युसूफभाईंची बायको खैरुन्निसा सोल्डरिंग आयर्न घेऊन बसायची. तिचं माहेर डोणगावचं. तिचे अब्बा रेडिओ आणि लाऊडस्पीकर दुरुस्त करायचे आणि हे काम तिने त्यांच्या मांडीला मांडी लावून शिकून घेतलं होतं. तिने मला मापाने कापलं, सोललं, जाळी पिळून एका बाजूला केली आणि टोकावर डाखाचा असा थेंब सोडला की तो मोत्यासारखा चमकला. मग मीटर लावून पाहिलं, मला वाकवून, ओढून पुन्हा पाहिलं. तिची मुलगी मलिहा तेव्हा नववीत होती. ती तळहातावर हनुवटी टेकवून बघत बसायची.

"अम्मी, मले शिकवशीन का वं?"

"शिकवीन ना. दहावी होऊ दे, मंग हे टेबल तुहंच."

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मी तर ते एकही दिवस विसरले नाही.

दुकानात आम्ही चार वायरी खिळ्यांना टांगलेल्या होतो. टेपच्या खोक्यात फुकट येणारी एक मरतुकडी, एक पिवळी, एक जांभळी आणि मी. जांभळीला काचेसारखं कव्हर होतं, तिला स्वतःचा डबा होता आणि तिचा तोरा काही विचारू नका. एके दिवशी कुलदीप आला. गावातच त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. नवी पांढरी गाडी घेतली होती आणि त्याला तिच्यात झकास गाणी वाजायला हवी होती. त्याने आल्या आल्या जांभळीवर बोट ठेवलं.

"दिसाले काय पाह्यता, कुलदीपभाऊ?" युसूफभाई म्हणाले. "आतली जाळी पाहा. हे घरची वायर आहे. माह्या भरोशावर घेऊन जा."

त्यांनी मला खिळ्यावरून काढलं तेव्हा पडद्यामागे खैरुन्निसाच्या बांगड्या वाजल्या. ती ऐकत होती. आपल्या माणसाने चार लोकांत आपल्या कामाची हमी घ्यावी, याहून मोठी शाबासकी तिला ठाऊक नव्हती. माझाही ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू?

युसूफभाईंनी मला गाडीच्या गालिच्याखालून डिक्कीपर्यंत नेलं. बॅटरीची वायर डावीकडून, मी उजवीकडून, अगदी नियमाने. अॅम्प्लिफायरची अर्थिंगची तार मात्र त्यांनी घाईत डिक्कीतल्या एका बोल्टखाली दाबली. त्या बोल्टखाली रंगाचा थर तसाच होता. तारेला पत्रा लागलाच नाही, लागला तो रंग, आणि अर्थिंग अशी कच्ची राहिली की इंजिनाची कुरकुर थेट गाण्यात शिरते.

चार दिवसांनी कुलदीप परत आला. बाजाराचा दिवस होता आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

"युसूफभाई, हे काय कुईंकुईं वाजून राह्यलं? गाडी रेस केली का गाण्याच्या वर आवाज जाते. तुमच्या घरच्या वायरीनं तर पार हसू केलं माह्यं."

लोक हसले. युसूफभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी गालिचा उचकटला, मला उपसून सीटवर टाकलं आणि माझ्या जागी जांभळी घातली. पण मित्रांनो, आता मी सांगते ते नीट ऐका. अॅम्प्लिफायर पुन्हा बसवताना तो जुना बोल्ट आटे झिजून नुसताच फिरू लागला. म्हणून त्यांनी पत्र्याला शेजारी नवं भोक पाडलं, भोकाभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासला आणि अर्थिंगची तार तिथे कसली. गाडी सुरू केली. कुईं नाहीशी झाली होती.

एका वेळी दोन गोष्टी बदलल्या होत्या. पण त्यांना एकच दिसली.

"मी म्हनलंच होतं," असं म्हणून कुलदीप निघून गेला. युसूफभाई मला मुठीत धरून पडद्याआड शिरले आणि मला टेबलावर आपटलं. ते बोलले ते दुकानभर ऐकू गेलं.

"हे पाय तुह्या हाताची करामत! पूर्‍या बाजारात माह्यं नाक कापलं."

"मी मीटर लावून पाह्यलं होतं जी," खैरुन्निसा म्हणाली. "दोनदा पाह्यलं. अर्थिंग एक वार..."

"चूप बस. दुसरी वायर टाकली आन आवाज बंद. आता मले शिकवशीन तू?"

मी ओरडून सांगायचा किती प्रयत्न केला! पण वायरीच्या अंगात जे सोडलं जातं तेवढंच तिला पुढे नेता येतं. खैरुन्निसाने मला उचलून बाजूला ठेवलं. मग सोल्डरिंग आयर्नचा प्लग काढला, ते निवेपर्यंत बसून राहिली आणि त्याला फडक्यात बांधून पेटीत ठेवलं. पुन्हा तिने ते बाहेर काढलं नाही. दुकानात डब्यातल्या वायरी विकल्या जाऊ लागल्या आणि मी मागच्या अंगणात दोन खिळ्यांमध्ये ताणली गेले.

युसूफभाई वाईट नव्हते. महिन्याभरात त्यांचा राग विरला, ते ती गोष्टच विसरले. बोलणारा विसरतो. ज्याला लागलं तो कसा विसरेल?

दहावीचा निकाल लागला तेव्हा मलिहा अंगणात, अगदी माझ्याखाली उभी राहून म्हणाली, "अम्मी, आता शिकव." खैरुन्निसा ओला टॉवेल माझ्यावर पसरत होती. "नको बेटा. माह्या हातात खोट आहे. ते तुह्या हातात उतरायले नको." मलिहाने आठ दिवस हट्ट केला, एकदा तर रडलीसुद्धा. मग तिने विचारणं सोडलं. पुढे तिचं लग्न झालं आणि ती वरवट बकालला गेली. तिच्या ओढण्या माझ्यावर वाळायच्या बंद झाल्या.

मला अंगणात ताणल्यापासून असे नऊ उन्हाळे गेले. मग कुलदीपची तीच गाडी पुन्हा दुकानापुढे उभी राहिली. मागून कोणीतरी ठोकलं होतं, डिक्कीचं डेंटिंग-पेंटिंग करून आणलं होतं आणि तेव्हापासून तीच कुईं सुरू झाली होती. युसूफभाईंनी जांभळी काढून नवी वायर घातली. कुईं तशीच. आणखी महागाची घातली. कुईं तशीच! शेवटी वैतागून त्यांनी डिक्कीतला अर्थिंगचा बोल्ट खोलला. पेंटरने पत्र्यावर रंग मारून वरूनच बोल्ट कसला होता. त्यांनी रंग घासला, तार कसली आणि कुईं थांबली.

हे मला नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते एवढंच, की युसूफभाई धावतच अंगणात आले. माझ्यावरचे कपडे त्यांनी खाटेवर टाकले, मला सोडवलं आणि थबकले. माझी दोन्ही टोकं दुधाच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेली होती. ज्या वायरीवरून तिचा अपमान झाला, तिच्या टोकांना गंज चढू नये म्हणून खैरुन्निसाने नऊ वर्षं ते प्लॅस्टिक बदलत ठेवलं होतं.

त्यांनी मला गाडीत जोडलं. या वेळी दुसरं काहीच बदललं नाही. नऊ वर्षांनी माझ्या अंगातून गाणं गेलं, मित्रांनो, आणि त्याच्यावर धुळीचा कणसुद्धा नव्हता. युसूफभाईंनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. "आवाज तर मस्त आहे, मंग काऊन रडून राह्यले?" कुलदीपने विचारलं. त्यांनी मला सोडवलं आणि ते घरात शिरले.

खैरुन्निसा मेथी निवडत होती. मला तिच्यापुढे ठेवून ते खाली बसले.

"खैरुन, तुही वायर चांगलीच होती. अर्थिंग मी खराब केली होती. माही चुकी झाली."

तिने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "मले वाटलं, माह्यातच खोट आहे," ती म्हणाली. "मी पोरीले नाई म्हनलं जी. ते रडली, तरी नाई म्हनलं."

युसूफभाईंनी पेटीतून सोल्डरिंग आयर्न काढून तिच्या हातात दिलं. ते तापलं. पण मधल्या वर्षांत तिला साखरेचा आजार जडला होता आणि बोटं बधिर झाली होती. तिने तार धरली ती निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. डाखाचा थेंब टेबलावर पडून काळा झाला. तिने स्वतःच प्लग काढला आणि मलिहाला फोन लावला.

"बेटा, ते वायर चांगली होती. तू ये ना, मी बाजूले बसून सांगीन, तू कर. शिकशीन का?"

"आता कवा शिकू अम्मी?" फोनमधून मलिहा हसली. तिच्यामागे लेकरू रडत होतं. "दोन लेकरं आहेत, म्हशी आहेत. राहू दे ते. तू जेवली का?"

"हो," खैरुन्निसा म्हणाली, "जेवली." ती जेवली नव्हती.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना जपा, एवढंच मागायचं म्हणून मी बोलायला बसले होते. पण माझं काय, मी पुन्हा खिळ्याला लागले तरी मला चालेल. तुमच्या घरात कोणी आपल्या हाताने काही करत असेल आणि ते बिघडलंसं वाटलं, तर त्या माणसावर ओरडण्याआधी त्याला एकदा विचारा आणि तो सांगेल ते पुरतं ऐकून घ्या. खैरुन्निसा त्या दिवशी अर्थिंगच तपासायला सांगत होती. तिचं ते वाक्य अर्धंच राहिलं.